मामा, तुमच्या नावाच्या एकावन्न वाट्या

मामा, परवा तुमचा तेरावा. काल सकाळी शेठजींनी एकावन्न वाट्या पोत्यात भरून घरी पाठवल्या, चकचकीत, कोऱ्या. जेवून उठणाऱ्याच्या हातात एकेक द्यायची आणि तिच्यावर नाव घालायचं, ‘कै. ज्ञानोबा मारुती यांच्या स्मरणार्थ’. ही रीत तुम्हाला मी काय सांगू? अख्ख्या माजलगावातल्या गेलेल्या माणसांची नावं तुमच्याच हातून भांड्यांवर उतरली. तुमचं कोण घालणार, हे मात्र कुणाला सुचलंच नव्हतं. तुम्हालासुद्धा नसेल सुचलं.

शेठजी म्हणाले, बीडला पाठवून लेझरवर करून आणतो, एका दिवसाचं काम. मामी भिंतीला टेकून बसली होती, ती एकदम ताठ झाली. “त्येंच्या नावाला परक्याचा हात लागायचा न्हाई. सवी घालंल.”

“मामी, मला येत नाही गं.”

“येत न्हाई, का शिकली न्हाईस?”

चार वर्षं तुम्ही शेठजींच्या भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर नावं घालता घालता मला हाक मारत होतात, “सवे, ये, पेन धर,” आणि मी ‘उद्या बघू’ म्हणत होते. तुम्ही माझं काम शिकलात. मी तुमचं शिकले नाही. अकरा दिवस झाले, हे काही गळ्याखाली उतरत नाही.

माझं काम म्हणजे कपावर फोटो छापायचं. पायरीला लागूनच्या गाळ्यात मी प्रिंटर आणि कप तापवायचं मशीन आणून ठेवलं तेव्हा सगळा बाजार हसला होता. चहाला स्टीलचा पेला असताना फोटोचा कप कोण घेणार? तुम्ही हसला नाहीत. पायरीवरून उठलात, धोतराला हात पुसलेत, गाळ्यात आलात आणि कुणाला न विचारता मशीनच्या पोटात बोट घातलंत. बरं, ते बंद होतं. चालू असतं तर पहिला फोटो तुमच्याच बोटाचा निघाला असता.

मला तरी कुठं येत होतं? मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकत होते. वेगळ्या शाईनं वेगळ्या कागदावर चित्र छापायचं, तो कागद कपाला उष्णतेत न जळणाऱ्या टेपनं घट्ट चिकटवायचा, कप मशीनमध्ये आवळायचा, एकशे ऐंशी डिग्री, तीन मिनिटं. कागद सोलला की चित्र कपावर. पहिला निघाला त्यावर नुसतं गुलाबाचं फूल होतं. कागदावर फिकं, मळकट दिसत होतं, कपावर असं लालभडक आलं की मीच ओरडले. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही ते नखानं खरवडलंत. गेलं नाही. मग खिशातून अडकित्ता काढून त्याचं टोक लावलंत.

“मामा! चांगला निघालाय तो कप!”

“थांब की जरा. रंग वर न्हाई बग. आत हाय. आत गेला कसा?”

मी बी.एस्सी. झालेली, मला चेव आला. सांगितलं की ही शाई तापली की पातळ होत नाही, थेट तिची वाफ होते, ती वाफ कपाच्या वरच्या थरात शिरते आणि कप निवला की तिथंच अडकते.

“पातळ न व्हता? थेट वाफ?”

“कापूर नाही का तसाच उडत? डांबराची गोळी नाही का?”

हे मी बोलले तिथंच फसले. दुसऱ्या दिवशी मामीच्या ट्रंकेतली डांबराची गोळी बशीत घालून तुमच्या पायरीवर. भांड्यावर नाव घालायला आलेल्या प्रत्येक बाईला तुमचं एकच, “माय, हिच्यावर ध्यान ठिवा. पाणी सुटतंय का तेवढं बगा.” लग्नाची भांडी घ्यायला आलेली माणसं हंडे-कळशा बाजूला ठेवून गोळीकडं बघत बसायची. गोळी बारीक होत गेली, ज्वारीच्या दाण्याएवढी झाली, पाणी काही सुटलं नाही. ज्या दिवशी ती संपली त्या दिवशी तुम्ही कोरडी बशी घेऊन गाळ्यात आलात. “गेली, सवे. बशी वली सुदीक झाली न्हाई.” तुमच्या आवाजात इतकं नवल होतं की मला माझ्या तीन वर्षांच्या कॉलेजची कीव आली. मी ते परीक्षेत लिहून मोकळी झाले होते. तुम्ही ते बघितलंत.

मग सुटलातच की तुम्ही. स्टीलच्या पेल्यावर छापून बघितलं, फडक्यानं पुसलं तर सगळा रंग फडक्याला. मामीच्या माहेरचा चिनी मातीचा कप गुपचूप आणलात आणि त्यावर स्वतःचा फोटो छापलात. मामीला कौतुकानं त्यात चहा दिलात. कप धुतला आणि तुम्ही अर्धे वाहून गेलात, नुसती टोपी राहिली. मामी म्हणाली, “नवरा गेला, टोपी राहिली, आता हिच्यात चहा पिऊ का हिला कुकू लावू?” तेव्हा आपण तिघं पोट धरधरून हसलो. आता ते वाक्य आठवलं की मामी पदर तोंडात कोंबते.

आपल्या कपांवर पॉलिस्टरचा थर असतो म्हणून रंग धरतो, हे मी सांगितलं. तुम्ही डोकं खाजवलंत. “मग पॉलिस्टरच्या कपड्यावर बी धरंल?” आणि आहेरातला एक ब्लाउज पीस काढलात, पाच-सहा घरं फिरून आलेला, कुणीच न शिवलेला. त्यावर गुलाब असा उठला की शेठाणी तो मागायला आल्या. असा ब्लाउज पीस पहिल्यांदाच कुणी मागून नेला.

मामा, एक गोष्ट मी तुम्हाला तोंडावर कधी बोलले नाही. कपांचा माझा धंदा तुमच्या पेनामुळं उभा राहिला. पहिल्या महिन्यात निम्मे कप फिके निघत होते. मी शाईला शिव्या घातल्या, कागद बदलला, कंपनीला फोन करकरून थकले. तुम्ही पायरीवरून सांगितलंत, “अगं, लाइट पडली हाय. कशाला जीव काढायलीस?”

“मशीन तर एकशे ऐंशी दाखवतंय.”

“मशीन काय बी दाखवू दे. माझं पेन रडायलंय, आयकू येत न्हाई का?”

तुमचं ते विजेचं पेन, टर्रर्र करत भांड्यावर टिंब टिंब टोचत जायचं आणि टिंबांचं अक्षर व्हायचं. शेतातल्या मोटारी चालू झाल्या की गावातल्या विजेचा दाब उतरायचा, कप पुरता तापायचा नाही आणि पेनाचा आवाज बसायचा, टर्रर्रचं घर्रर्र व्हायचं. मला तो नुसता कलकलाट वाटायचा. तुम्हाला त्यात वीज मोजता येत होती. त्या दिवसापासून मी कप लावायच्या आधी तुमच्याकडं बघायचे, तुम्ही मान हलवलीत की लावायचे. एक कप फिका गेला नाही नंतर. गिऱ्हाइकाला मात्र मी सांगायचे, “अनुभव लागतो हो याला.” कुणाचा, ते सांगत नव्हते.

आणि ती युसूफ वडगाव या गावातली ऑर्डर! लग्नाच्या जोडप्याचे बारा कप. मी बीडला गेलेले, तुम्ही एकट्यानं सगळे काढलेत. सुरेख रंग, टेप कुठं हलली नाही, कडा स्वच्छ. घरी नेले आणि दुसऱ्या सकाळीच नवऱ्या मुलाची आत्या कप घेऊन हजर. “ही नवरी उजव्या अंगाला कशी? आन पदर ह्या खांद्यावर? आमची सून गुजराती हाय व्हय?”

चित्र उलटं करून छापायचं असतं, मगच कपावर सुलटं येतं. हे तुम्हाला माहीत होतं. नावं तर तुम्ही आठवणीनं उलटी करायचात. पण या कपांवर नाव नव्हतं, नुसता फोटो.

“मामा, उलटा का नाही केलात?”

“अक्षर उलटं करायचं ठाव हाय मला. माणसाला कशाला उलटं करायचं?”

जन्मभर भांड्यावर सरळ लिहीत आलेल्या माणसाला हे पटत नव्हतं, आणि पटलं नाही तर तुम्ही गप्प बसणाऱ्यातले नव्हता. न्हाव्याच्या दुकानातून आरसा मागून आणलात. कप आरशासमोर धरलात आणि त्या आत्याबाईंना म्हणालात, “ह्ये बगा, आता बरोबर हाय का न्हाई? नवरी डावीकडं, पदर डावीकडं. घड्याळ बी डाव्या हाताला आलं!”

“म्हंजी आमी रोज आरशात बघून चहा प्यायचा का?”

तुम्ही हसून हसून खोकायला लागलात. बाईपण हसल्या. बारा कप पुन्हा काढून दिले. ते बारा उलटे कप तुम्ही फेकू दिले नाहीत. एकेक उचलून आरशासमोर धरायचात आणि स्वतःशीच “आयला,” म्हणायचात. त्रेसष्टाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा आरसा बघितल्यासारखे.

आपलं भांडण झालं ते मात्र वेगळ्याच गोष्टीवरून. एक कुटुंब आलं, वडील गेले होते. त्यांना भांड्यांऐवजी फोटोचे कप वाटायचे होते, खाली ‘कै.’ लिहून. मी हो म्हणणार तोच तुम्ही मध्ये पडलात. “दुसरं कायबी छापून देऊ. ‘कै.’ कपावर न्हाई.”

गिऱ्हाईक गेलं. मी तडकले. “तुम्ही कोण ठरवणार? फोटोत माणूस दिसतो. तुमच्या टिंबांत काय दिसतं?”

“कप फुटतो, सवे. माणूस गेल्यावर एक मडकं फुटतंय, तेवढं बास झालं. रोज कुणाच्या तरी घरात बाप फुटायचा, ह्ये काम मला सांगू नको.”

“आणि भांडं? भांडं मोडीत जातं!”

“जाऊ दे की. मोडीत गेलं तरी हळूहळू जातंय. तवर नातवंडं वाचत्यात, ह्यो कोण, त्यो कोण. इचारत्यात.”

मी म्हणाले हा अडाणीपणा आहे. हो, म्हणाले मी. तुम्ही पेन उचललंत आणि कामाला लागलात. अजूनही मला वाटतं की तुम्ही पूर्ण बरोबर नव्हता. फोटोतल्या बापाकडं बघत चहा पिणाऱ्या पोरी मी बघितल्यात. यावर आपलं आणखी बोलणं व्हायला पाहिजे होतं. तुम्ही काहीतरी खोचक बोलला असतात, मी फणकारले असते, आणि त्यातून नवीन काहीतरी निघालं असतं. तुमच्याशी भांडलं की नेहमी काहीतरी निघायचं.

भांडणानंतरही तुम्ही हाक मारतच होतात. “ये, पेन धर. तुझी बोटं बारीक हायेत, चांगलं अक्षर येईल.” मी का येत नव्हते, ते आता सांगते. तुम्हाला ते माहीत होतंच, तरी माझ्या तोंडून ऐका. मला लाज वाटत होती. बी.एस्सी. झालेली पोर भर बाजारात पायरीवर बसून टर्रर्र करते, असं कुणी बघेल म्हणून. माझा गाळा, माझा प्रिंटर, काचेचा दरवाजा. तुम्ही दरवाज्याच्या त्या बाजूला शोभत होतात, या बाजूला नाही. बाप गेल्यावर ज्यांनी मला घरात ठेवून शिकवलं, त्यांच्याबद्दल मला असं वाटत होतं.

ती माझी कॉलेजची मैत्रीण आली तो दिवस. गाडीतून उतरली, गॉगल, मोठी नोकरी. साहेबांना द्यायला कप पाहिजे होते. तुम्ही कपाला कागद चिकटवत बसला होतात, बंडी, धोतर, बोटं स्टीलच्या भुकटीनं काळी. तिनं इंग्रजीत हळूच विचारलं, हे कोण?

मी म्हणाले, “आमच्याकडं कामाला आहेत.”

मराठीत म्हणाले, मामा. तुमच्यापासून दोन हातांवर. तिनं इंग्रजीत विचारलं होतं आणि मी मराठीत उत्तर दिलं, एवढीही अक्कल मला सुचली नाही. तुम्ही मान वर केली नाहीत. टेपचा शेवटचा तुकडा लावलात, कप मशीनला आवळलात, तीन मिनिटं उभे राहिलात. निवलेला कप नीट पुसून तिच्या हातात दिलात आणि म्हणालात, “ताई, बूड आजून गरम हाय, संबाळून.”

ती गेल्यावर मी वाट बघत होते. शिव्या द्या, मामीला सांगा, काहीतरी करा. तुम्ही तो उरलेला कागद उचलून उजेडाकडं धरलात आणि विचारलंत, “सवे, ह्या मशिनीत पांढरी शाईच न्हाई. मग आपल्या कपांवर पुढाऱ्याचा सदरा पांढरा कसा उमटतोय?”

मी वसकले, “तिथं काहीच छापत नाहीत. कपच पांढरा असतो.”

“असं व्हय,” तुम्ही म्हणालात. “म्हंजी जिथं काय बी टाकलं न्हाई, तिथं पांढरं.” आणि खरोखर त्याच विचारात उठून गेलात. तुम्हाला खरंच ते जाणून घ्यायचं होतं, का माझी सुटका करायची होती? हा प्रश्न मला आयुष्यभर पुरणार आहे. मला वाटतं दोन्ही. तुम्ही असेच होतात, दुखलं तरी तुमचं कुतूहल उपाशी राहत नव्हतं.

पण त्या दिवसानंतर तुम्ही मला ‘पेन धर’ म्हणाला नाहीत. एकदाही नाही. कपाचं नवीन काही शिकव म्हणायचात, नवीन कागद आला की फाडून वास घ्यायचात, जोडीनं चहा प्यायचात, सगळं तसंच. फक्त ती हाक बंद झाली. मला कळलं होतं. रोज वाटायचं, आज माफी मागू, आज जाऊन पायरीवर बसू. शेजारीच तर होतात, कुठं जाणार होता? आणि तुम्ही त्या सकाळी दात घासता घासता गेलात.

काल मी मामीची मांडणी पालथी घातली. वाटलं, तुमच्या हातचं तुमचं नाव कुठंतरी सापडेल, ते बघून गिरवेन. एका भांड्यावर नाही, मामा! मामीच्या आत्याचं आहे, शेठजींच्या वडिलांचं आहे, कुठल्या तरी मुकादमाचं आहे. तुमचं कुठंच नाही. मामी म्हणाली, “मी म्हणायचे, आपल्या बी घाला की. तर म्हणायचे, गावाची भांडी वळखू येऊ द्या, आपली चोराला माफ.” दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आज सकाळी मी तुमची पेटी उचलली आणि पायरीवर जाऊन बसले. गाळ्यात बसून, दार लावून करता आलं असतं. नाही केलं. बाजार भरलेला होता. पेन हातात धरलं तर खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. एवढं थरथरतं ते? तुम्ही कधी बोलला नाहीत. डब्याच्या जुन्या झाकणावर तासभर गिरवलं. सरळ रेघ येते, गोल येत नाही, स्टीलवरून टोक निसटतं. आणि तुमच्या आईबापानं नाव ठेवलं ते ज्ञानोबा! पहिलंच अक्षर असं की भल्याभल्यांचा घाम निघावा. दादा, बाबा असं काही ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? मग लक्षात आलं, पेन दाबायचंच नाही. नुसतं टेकवायचं, पेन स्वतःच टोचतं, आपण फक्त वाट दाखवायची. हे तुम्ही मला पहिल्या दिवशी दोन वाक्यांत सांगितलं असतंत. पण स्वतःला सापडलं तेव्हा अशी गंमत वाटली, की तुम्हाला सांगायला मान वळवली.

पहिल्या वाटीवर ‘ज्ञ’ आडवा झोपला. दुसरीवर उठून बसला. सातवीवर मला तो आवडला. शेठजी गल्ला सोडून दोनदा बघून गेले, तिसऱ्यांदा चहा ठेवून गेले.

नववी वाटी चालू होती, तेव्हा एक मावशी हंडा घेऊन आल्या. लेकीचं लग्न असावं. “ते म्हातारबा कुठं गेले? नाव घालणारे?”

“वारले, मावशी. परवा तेरावा आहे.”

“आगं माय,” त्या हंडा घेऊन तशाच खाली टेकल्या. “माझ्या लग्नातल्या भांड्यावर त्येंनीच घातलतं. अक्षर आजून हाय तसं हाय.” मग माझ्याकडं, माझ्या काळ्या झालेल्या बोटांकडं बघत राहिल्या. “आन तू कोण गं? त्येंच्याकडं कामाला व्हतीस का?”

बाजार चालूच होता, मामा. माझा आवाज मला वाटला त्याच्यापेक्षा मोठा आला, समोरचा बांगडीवालासुद्धा वळून बघायला लागला.

“न्हाई मावशी, मी त्यांची भाची. सख्खी भाची. त्यांनीच वाढवलं मला.”

“मग माझ्या हंड्यावर घालशील का नाव?”

“घालते की. पण बसावं लागंल थोडं,” मी म्हणाले. “आधी माझ्या मामाचं होऊ द्या.”